संकेतस्थळावरील जुने लेख गूगलवर का दिसत नाहीत?

वरुडकडील आपल्या संत्रा रोपवाटिकेच्या संकेतस्थळाचे मुखपृष्ठ गूगलवर दिसते, परंतु मृग बहार आणि डिंक्या रोगावरील लेख दिसत नाहीत, असे आपण विचारले आहे. गूगल बहुतेक नवी पाने आधीच माहीत असलेल्या पानांवरील दुव्यांवरून शोधते. त्यामुळे ज्या लेखाकडे आपल्याच संकेतस्थळावरून एकही दुवा जात नाही, तो पांदण नसलेल्या वावरासारखा राहतो, माल असूनही तिथवर बंडी पोहोचत नाही. साइटमॅपमुळे, म्हणजे संकेतस्थळावरील पानांची यादी देणाऱ्या फाइलमुळे, पान सापडू शकते, पण त्याचे महत्त्व ठरवण्यात दुव्यांचा वाटा असतो. १९९८ मध्ये गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेली, दुव्यांवरून पानाचे महत्त्व मोजणारी पेजरँक पद्धत याच विचारावर उभी होती.

म्हणून रोपांच्या विक्रीपानावरील मजकुरातच, जिथे विषय ओघाने येतो तिथे, संबंधित लेखाचा दुवा द्यावा आणि ‘येथे क्लिक करा’ऐवजी ‘संत्र्यावरील डिंक्या रोगाचे नियंत्रण’ असे नेमके शब्द वापरावेत. केवळ स्क्रिप्टवर चालणारे बटण गूगलला दुवा म्हणून ओळखता येईलच असे नाही, तेव्हा पानाच्या कोडमध्ये थेट लिहिलेला साधा एचटीएमएल दुवाच बरा. पानाच्या अगदी खालच्या तळपट्टीत पन्नास दुवे कोंबण्याची हौस मात्र, माझ्या मते, टाळावी. बदलानंतर सर्च कन्सोल या गूगलच्या संकेतस्थळमालकांसाठीच्या साधनातील दुव्यांचा अहवाल पाहावा; परिणाम दिसायला काही आठवडे लागू शकतात.