तिसरा बिंदू

“मॅडम, आमच्या घरात कुणालाच गणित नव्हतं. हिला कुठून येणार?”

मी समुपदेशक आहे. दर ऑगस्टमध्ये हे वाक्य माझ्या कानावर पडतं. दहावीच्या गणित भाग १ मधलं पहिलंच प्रकरण ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’. त्यामुळे पहिल्या चाचणीत आलेख असतोच, आणि पेपर घरी आले की फोन सुरू होतात. कुणी दोष वडिलांच्या घराण्याला देतं, कुणी आईच्या. पालकांची काळजी मनापासूनची असते, म्हणून त्या सगळ्यांना जे सांगते ते एका मुलीच्या निमित्ताने इथे लिहिते आहे. तिला सायली म्हणू. नाव आणि घरचे तपशील बदलले आहेत.

गोरेगावच्या मायलेकी. आई घरून डबे पुरवते. सायली मान खाली घालून बसली होती.

“मला आलेख जमत नाही. माझं डोकंच तसं नाहीये.”

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दल मनात घर करून बसलेलं वाक्य माणसाला जास्त छळतं, हे या पद्धतीचे जनक, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं म्हणणं मला इतक्या वर्षांत रोज नव्याने पटत आलं आहे. अशा वाक्याशी वाद घालत बसू नये, त्याच्याकडे पुरावा मागावा. म्हणून पुढच्या वेळी मी तिला गणिताची वही आणायला सांगितली.

वही बघितली आणि थक्क झाले. समीकरण होतं २एक्स + ३वाय = १२. सायलीने एक्सची किंमत १ घेतली, वाय आला १० छेद ३. मग २ घेतली, वाय आला ८ छेद ३. आलेख कागदावर सेंटिमीटरचे दहा भाग असतात, त्यात एक तृतीयांश बसवायचा कुठे? तिथे खोडून खोडून कागद फाटायला आला होता.

“शून्य का नाही घेतलंस? एक्स शून्य घेतला तर वाय सरळ ४ येतो.”

“शून्य घेतलं की माझं चुकतं.”

“कसं चुकतं? दाखव.”

तिने मागचं पान उघडलं. तिथे तिने शून्य घेतलं होतं आणि हिशेब अगदी बिनचूक होता. एक्स ० तर वाय ४, वाय ० तर एक्स ६, तिसरा बिंदू (३, २). पण (०, ४) हा बिंदू तिने आडव्या एक्स-अक्षावर ४ पाशी टाकला होता आणि (६, ०) उभ्या वाय-अक्षावर ६ पाशी. दोन्ही बिंदूंची अदलाबदल. त्यांतून रेषा काढल्यावर तिसरा बिंदू अर्धा सेंटिमीटर वर राहिला. तो रेषेत यावा म्हणून तिने पेन्सिल गिरवून गिरवून रेषा जाड केली होती. त्यावर लाल फुली. बाजूला प्रमाण नीट लिहिलेलं: १ सेमी = १ एकक.

ती जाड रेषा मी बराच वेळ बघत राहिले. तिसरा बिंदू रेषेवर यायला हवा हे या मुलीला पक्कं माहीत होतं. गणिताचं डोकं नसलेल्या मुलीला हे खटकलं कसं असतं?

“बिंदू एक्स-अक्षावर का टाकलास?”

“एक्स शून्य आहे ना. म्हणजे एक्सवरच.”

ही अडचण मी बऱ्याच मुलांमध्ये पाहिली आहे. मी कागदावर गोरेगाव स्टेशन काढलं. रूळ म्हणजे वाय-अक्ष, वर बोरिवली, खाली चर्चगेट. पूर्व-पश्चिम जोडणारा पादचारी पूल म्हणजे एक्स-अक्ष. उजवीकडे पूर्व, डावीकडे पश्चिम.

“एक्स म्हणजे पूर्वेला किती गेलीस. पूर्वेला शून्य, उत्तरेला चार स्टेशनं. कुठे आहेस?”

तिने बोटं मोजली. “मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर. दहिसरला.”

“पूर्वेला की पश्चिमेला?”

“कुठेच नाही. रुळावरच...” ती थांबली. मग हळूच म्हणाली, “म्हणजे एक्स शून्य असेल तर मी वाय-अक्षावरून हललेच नाहीये.”

बिंदूचा पत्ता आकड्यांनी सांगायची कल्पना फ्रेंच गणितज्ञ देकार्त यांनी १६३७ साली आपल्या भूमितीच्या लिखाणात मांडली. मुंबईतलं मूल मात्र स्टेशन आणि ईस्ट-वेस्ट या दोन गोष्टींवर लहानपणापासून पत्ता शोधत असतं. सायलीला तो फक्त कागदावर ओळखता आला नव्हता.

त्या दिवशी आम्ही वहीत तिचं जुनं वाक्य खोडून नवं लिहिलं: ‘एक किंमत शून्य असली की मी बिंदू चुकीच्या अक्षावर टाकते.’ ‘डोकंच तसं नाही’ यावर कुणाकडे औषध नाही. चुकीच्या अक्षाची चूक मात्र दोन संध्याकाळच्या सरावात जाते. पालकांनी याच ठिकाणी मदत करावी. “गणितात किती मिळाले” हे विचारून झालं असेल, तर “कुठल्या ओळीवर अडलीस” हेही विचारा. तुम्हाला उत्तर येत नसलं तरी चालेल. मूल बोट ठेवून ती ओळ दाखवतं, तेवढ्यानेही भीती आवरते. आणि आपलं गणित कच्चं होतं हे मुलांसमोर कौतुकाने सांगू नका. मुलं ते वारसा म्हणून घेतात.

सायलीचे आलेख सुधारले, तरी चाचणीच्या आदल्या रात्री ती पुन्हा रडली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतके दिवस मी मुलीच्याच वाक्यावर काम करत होते. मूळ वाक्य तर आईचं होतं: ‘घरात कुणालाच गणित नव्हतं.’ मग मी दोघींना एकत्र बसवलं.

“ताई, डब्यामागे काय सुटतं?”

“भाजी, पीठ, गॅस वजा जाता तीस रुपये.”

“मदतीला कुणी?”

“बाई आहे. नऊ हजार देते महिन्याला.”

“समजा महिनाभर एकही डबा गेला नाही, तर?”

“तर काय, नऊ हजार खिशातून! तीनशे डबे गेले की तिचा पगार सुटतो. त्याच्या पुढचं ते आपलं.”

हे त्या एका दमात म्हणाल्या. मी सायलीकडे बघितलं. तिच्या हातात पेन्सिल होतीच. आडवे डबे, १ सेंटिमीटरला ५०. उभे रुपये, १ सेंटिमीटरला १०००. शून्य डबे, उणे नऊ हजार: वाय-अक्षावर आरंभबिंदूच्या खाली नऊ सेंटिमीटर. तीनशे डबे, फायदा ना तोटा: एक्स-अक्षावर सहा सेंटिमीटर. पट्टी लावून तिने बारीक रेषा ओढली आणि विचारलं, “आई, गेल्या महिन्यात किती डबे गेले?”

“पाचशे. सहा हजार उरले होते.”

उजवीकडे दहा, वर सहा. बिंदू नेमका रेषेवर बसला.

“आई, रेषा दोन्ही अक्षांना कुठे छेदते ते तू तोंडी सांगितलंस. परीक्षेत आम्हाला हेच विचारतात.”

त्या माउलीने कागद जवळ ओढला आणि खालच्या बिंदूवर बोट ठेवलं. “हे माझे नऊ हजार?” डोळे भरून आले होते. “अगं, हे तर मी रोज रात्री पडल्या पडल्या करते.”

‘घरात कुणालाच गणित नव्हतं’ या वाक्याचा पुरावा तिथेच संपला, आणि ते वाक्य खोडणारी व्यक्ती मी नव्हते याचा मला आजही आनंद आहे.

निघताना त्या दारात थांबल्या. “बाई दिवाळीपासून हजार वाढवून मागतेय. मग किती डबे लागतील गं?”

सायलीने बॅगेवरच कागद ठेवून भागाकार केला. दहा हजार भागिले तीस. तीनशे तेहेतीस आणि वर एक तृतीयांश. तोच अपूर्णांक, ज्याच्यापायी वहीचं पान फाटायला आलं होतं. या वेळी तिने खोडरबर काढलाच नाही.

“तीनशे चौतीस,” ती म्हणाली. “डब्याचा तुकडा कोण घेणार, आई?”