साथीच्या काळात केंद्र, राज्य आणि स्थानिक प्रशासन एकत्र काम कसं करतं?

कोविडच्या पहिल्या दोन्ही लाटांत मी सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी होतो. वर काय ठरायचं ते मला जीआर वाचूनच कळायचं. पण ठरलेलं शेवटी आमच्या फ्रीजपाशी यायचं, तिथलं सांगतो.

सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय. मार्च २०२० मध्ये राज्याने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला (मुंबईतल्या प्लेगमुळे इंग्रजांनी केलेला), तर केंद्राने २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली देशभर लॉकडाउन लावला. दोन्हींचा भार जिल्हाधिकाऱ्यांवर. एरवी आम्ही जिल्हा परिषदेचे, ग्रामीण रुग्णालय सिव्हिल सर्जनच्या हाताखाली, एकमेकांशी फारसं देणंघेणं नाही. तेव्हा मात्र सगळे एकाच व्हीसीला (व्हिडिओवरच्या बैठकीला).

खरी गंमत लशीची. कोविशील्ड तयार व्हायची पुण्यात, आमच्यापासून दोन-अडीच तासांवर. वाटप ठरायचं दिल्लीत. त्यात १ मे २०२१ पासून ४५ च्या वरच्यांची लस केंद्राची आणि १८ ते ४४ ची राज्याने विकत घेतलेली. कंपनी तीच, तापमान तेच २ ते ८ अंश, पण आमच्याकडे खोकी दोन आणि स्टॉक रजिस्टरंही दोन. एके दिवशी एक आजी दुसऱ्या डोससाठी सकाळपासून बसलेल्या. त्यांच्या खोक्यातली लस संपलेली, शेजारच्या खोक्यात कुप्या शिल्लक, आणि द्यायची परवानगी नाही. आता आजींना काय सांगू, ही मुंबईची आहे, तुमची दिल्लीहून यायचीय? मेच्या मध्यात राज्यानेच १८ ते ४४ चं लसीकरण थांबवून लस मोठ्यांकडे वळवली. २१ जूनपासून राज्याच्या वाट्याची खरेदीही केंद्राने घेतली आणि माझं एक रजिस्टर मिटलं. माझ्या मते ते मुळात उघडायलाच नको होतं.

एकत्र काम म्हणाल तर ते खालीच जास्त दिसलं. कुपी दहा डोसची, फोडली की चार तासांत संपवायची. संध्याकाळी रांगेत सातच माणसं उरली की सिस्टर कुपी फोडेनात. मग आशाताईंना फोन, "ताई, वाडीवरची तिघं पाठवा." त्या घरोघर फिरायच्या, सरपंच जीप द्यायचे, आणि अर्ध्या तासात दहाजण पुरे. डिझेलचे पैसे कोणत्या खात्यातून गेले, ते मी कधी विचारलं नाही.