अंगणात कोंबड्या चालतील का?

प्रश्न: कोथरूडला बंगल्याच्या मागे चार गावरान कोंबड्या ठेवायच्यात, शेजारचे काका आत्ताच नको म्हणतायत. काय करू?

उत्तर: आधी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन परवानगीचं लेखी विचारा, सोसायटी असेल तर तिचंही पत्र घ्या, तोंडी "चालतंय हो" वर अजिबात राहू नका. आणि कोंबडा आणूच नका, अंडी त्याच्याशिवायही मिळतात, पिल्लं तेवढी होणार नाहीत. पहाटे चारला त्याची बांग सुरू झाली की काकांची तक्रार आलीच, आणि रहिवासी भागात रात्री 10 ते 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबलच आहे. विष्ठा ओली राहिली की माश्या, म्हणून खुराड्यात भुसा टाका, रोज हलवा, भिजलेला लगेच काढा. कोंबड्या अचानक मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, 2021 चा बर्ड फ्लू आठवतोय ना!