चालतं यंत्र असेल तरच तिकीट काढा

‘वाट विचारा’ : वाचकांचे प्रश्न, तारमास्तरांची उत्तरं

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. किल्ले झाले, वॉटरपार्क झालं. जुन्या काळातलं तंत्र बघायला मिळेल अशी एखादी वेगळी जागा सांगाल का? संग्रहालयात तो दहा मिनिटांत कंटाळतो.
– एक आई, जळगाव

ताई, त्याचं कंटाळणं मला पटतं. 1979 साली मोर्स, म्हणजे तारेची टिंब-रेघांची भाषा, शिकून मी तारखात्यात लागलो. डोळ्यांदेखत आधी मोर्स गेलं, मग टेलिप्रिंटर गेला, आणि 2013च्या जुलैत तारच गेली. मध्यंतरी एका संग्रहालयात आमचं साउंडर, म्हणजे आलेली तार कडकट्ट आवाजात ऐकवणारं यंत्र, काचेआड दिसलं. उलटं ठेवलेलं, खाली पाटी ‘जुना टेलिफोन’. पहारेकऱ्याला म्हटलं, अहो, हे उलटं आहे. तो म्हणाला, ‘काका, काचेला हात लावू नका.’ कडकट्ट वाजत नसेल तर ते नुसतं पितळ. तेव्हापासून यंत्र चालतं असल्याशिवाय मी तिकीट काढत नाही.

तुम्हाला जवळचं आणि चालतं हवं असेल तर बऱ्हाणपूर गाठा. भुसावळहून खांडव्याच्या बाजूला जाणारी गाडी धरली की तासाभराचा प्रवास. आता मध्य प्रदेशात असलं तरी एके काळी खानदेश सुभ्याची राजधानी, बाजारात मराठी सहज चालते. लोक शाही किल्ला बघून परत फिरतात. तुम्ही रिक्षावाल्याला ‘कुंडी भंडारा’ सांगा. ‘खूनी भंडारा’ही म्हणतात, पण मुलाला घाबरवू नका, आत आहे ते निव्वळ पाणी.

1615 सालचं काम. जहांगीर बादशहाच्या काळात अब्दुर्रहीम खानखानानने करवून घेतलं. हा तोच रहीम, ज्याचे दोहे आपण हिंदीच्या तासाला पाठ केले. पद्धत इराणी. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी जमिनीखालच्या भुयारात धरायचं आणि भुयाराला शहराकडे अगदी बेताचा उतार द्यायचा. मोट नाही, रहाट नाही, बैल नाहीत; पाणी आपल्या पायांनी चालत येतं. आणि जमिनीखाली असल्यामुळे खानदेशी उन्हात त्याची वाफ होत नाही. भुयारावर थोड्या थोड्या अंतरावर विहिरीसारखी उभी तोंडं आहेत, त्याच कुंड्या. शंभरावर आहेत. हवा खेळवायला, गाळ काढायला आणि वरून पाणी शेंदायला त्यांचा उपयोग.

एका कुंडीत लिफ्ट आहे. ती सुमारे ऐंशी फूट खाली नेते. चपला हातात घ्या, कारण खाली पाण्यातच उभं राहायचं असतं. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेत, टॉर्च मारला की चमकतात. माझ्या नातवाने खाली पोचल्या पोचल्या विचारलं, ‘आजोबा, मोटर कुठाय?’ नाहीच म्हटल्यावर पाच मिनिटं तो भिंतीवरून हात फिरवत होता, त्याला वाटलं मी थापा मारतोय. लिफ्टचा मात्र भरवसा धरू नका, निघण्याआधी चौकशी करा. ती बंद असली तरी वर कुंड्यांच्या ओळीने मुलाला चालायला लावा. एका कुंडीपासून पुढच्या कुंडीपर्यंत पायाखालून पाणी जातंय, हे चालतानाच कळतं. 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नाव गेलंय, तेव्हा गर्दी व्हायच्या आत जाऊन या.

त्याला ते आवडलं तर पुढच्या सुट्टीत अजिंठ्यावरून छत्रपती संभाजीनगरला जा आणि पाणचक्की बघा. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळातून आणून लोखंडी पात्यांवर सोडलं की जातं फिरायचं. पाण्याच्या मोठ्या हौदाखाली बसायला दालन आहे. म्हणजे डोक्यावर हौदाचा तळ! भर मे महिन्यात मी तिथून उठायला तयार नव्हतो, बायकोने हात धरून उठवलं.

प्रश्न : लहानपणी मुंबईत ट्रामने फिरलोय. ती पुन्हा कुठे बघायला मिळेल?
– एक निवृत्त गिरणी कामगार, लालबाग

दादा, इथे माझा नियम मी स्वतःच मोडतो. वडाळ्याजवळ आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे. ट्रामच्या प्रतिकृती, जुनी तिकिटं, तिकीट यंत्रं. यातलं धावत काही नाही, पण तुमच्यासारखा माणूस बरोबर असला की पुरे. 1874ची घोड्यांची ट्राम, 1907ची विजेची, आणि 31 मार्च 1964ची बोरीबंदर-दादर ही शेवटची फेरी. त्या शेवटच्या ट्रामला लोटलेल्या गर्दीत तुम्ही होतात का, ते जरूर कळवा. उघडण्याची वेळ आधी विचारून घ्या, आगार आहे ते. धावती ट्रामच हवी तर कोलकाता. पण लांबणीवर टाकू नका, तिथले मार्ग एकेक करून बंद होत आलेत.

प्रश्न : मुलगी मिल्टन कीन्सला आहे. तीन महिने जाणार आहोत. लंडन सोडून काय बघावं?
– एक जोडपं, डोंबिवली

तुम्ही तर दारातच राहणार आहात! ब्लेचली पार्क शेजारीच. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश तिथे उलगडत, त्याबद्दल मुलगी सांगेलच. पण त्याच आवारात संगणकांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याचं तिकीट वेगळं, आणि बरेच जण तेच चुकवतात. तिथे हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात 1951 मध्ये चालू झालेला संगणक आहे. 1973 मध्ये निवृत्त झाला, सुटा करून ठेवला होता, 2012 मध्ये पुन्हा चालू केला. अडीच टन वजन. त्याच्या शेकडो काचनळ्यांत नारिंगी ठिपका शून्यापासून नऊपर्यंत गोल फिरतो, म्हणजे आकडे डोळ्यांनी मोजता येतात. भोकं पाडलेली कागदी पट्टी त्याला भरवतात, तशीच आमच्या टेलिप्रिंटरची असायची. आणि त्यातले रिले, म्हणजे विजेवर उघडमीट करणारे खटके, वाजायला लागले की, काय सांगू, मी खुर्ची ओढून बसलो. कडकट्ट!

एक गुणाकार करायला त्याला दहा सेकंदांपर्यंत वेळ लागतो. तुम्ही पावकी-निमकी पाठ केलेल्या पिढीतले असाल तर त्याच्याशी शर्यत लावा, आणि निकाल मला पत्राने कळवा.