अवशेष, अंश आणि तुपाची बेरी

गेल्या दोन महिन्यांच्या पत्रांत 'रेसिड्यू' हा शब्द इतक्यांदा आला की शेवटी ती पत्रं एकत्रच घेतली. शब्द एक आणि बिऱ्हाडं तीन. प्रथिनातला रेसिड्यू वेगळा, द्राक्षांवरचा वेगळा, मूत्राशयातला आणखी वेगळा. रिपोर्टमधला शब्द मोबाइलवर शोधून भलत्याच बिऱ्हाडात शिरलेली माणसं माझ्या प्रयोगशाळेच्या काउंटरवर नेहमी उभी असतात, कधी रडवेली होऊन.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात असं सर सांगतात, पुस्तकात ५१ 'अवशेष' लिहिलंय. परीक्षेत काय लिहू? (विद्यार्थिनी, कर्वेनगर)

अवशेष लिही. सर चुकत नाहीत, बोलण्याच्या ओघात सगळेच तसं म्हणतात. इन्सुलिनसारखं प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. दोन अमिनो आम्लं जोडली जाताना पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि साखळीत उरतो तो अवशेष. ग्लायसिन हे एक अमिनो आम्ल घे. सुट्या ग्लायसिनचा रेणुभार ७५, साखळीतल्या ग्लायसिनचा ५७. मधले १८ पाण्याचे. विसर्जन मिरवणुकीत कार्यकर्ते हातात हात घालून साखळी करतात, ती आठव. मधल्याचे दोन्ही हात अडकलेले. माणूस तोच, पण घाम पुसायलाही हात मोकळा नाही. टोकांच्या दोघांचा मात्र एकेक हात सुटा असतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला व्हॅलीन हे अमिनो आम्ल असतं. त्याच्या अशाच मोकळ्या हाताला रक्तातली साखर चिकटते, आणि घरोघरच्या आजोबांची मधुमेहासाठीची एचबीए-वन-सी चाचणी नेमकी तीच मोजते. इन्सुलिनचे अवशेष ए साखळीत २१, बी साखळीत ३०. हा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी लावला आणि त्यांना १९५८ चं नोबेल मिळालं.

सोनोग्राफीत 'पोस्ट व्हॉइड रेसिड्यू १२० मिली' आलंय. डाळी, प्रथिनं बंद करू का? (ज्येष्ठ वाचक, बिबवेवाडी)

नको. लघवी करून आल्यावरही मूत्राशयात १२० मिली लघवी उरली, एवढाच त्याचा अर्थ. याच आठवड्यात मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा. लघवी साफ अडली तर मात्र त्याच दिवशी, रात्र असली तरी.

वडिलांचं इन्सुलिन दुकानात नव्हतं. दुकानदार म्हणाला, "हेही इन्सुलिनच, एक-दोन अक्षरांचा फरक." दिलं तर चालेल? (हडपसर)

नाही. त्या एक-दोन 'अक्षरां'पायीच ती औषधं वेगळी झाली आहेत. बी साखळीतल्या २८ आणि २९ क्रमांकाच्या अवशेषांची, म्हणजे प्रोलीन आणि लायसिनची अदलाबदल केली की लिस्प्रो नावाचं इन्सुलिन होतं. ते झटकन कामाला लागतं, म्हणून जेवणाच्या तोंडावर घ्यायचं. ए साखळीच्या २१व्या जागी ग्लायसिन बसवून बी साखळीच्या शेपटीला दोन आर्जिनिन जोडले की ग्लार्जिन, जे दिवसभर सावकाश उतरतं. एकाच्या मात्रेत दुसरं टोचलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॉक्टरांना फोन करा आणि आत्ताच करा, कारण डोस चुकवणंही परवडणारं नाही.

मुलगी ५ वर्षांची. दूध प्यायली की अंगावर गांधी उठतात. ओळखीच्यांनी देशी गाईचं ए-टू दूध आणि ए-टू तूप सुचवलंय. डॉक्टरांकडे जाण्याआधी महिनाभर करून बघू का? (बावधन)

करून बघू नका. एक दिवसही नको.

आता सविस्तर, कारण या महिन्यातलं हे सातवं पत्र आहे. गाईच्या दुधातल्या बीटा-केसिन या प्रथिनात २०९ अवशेष असतात. ६७व्या जागी प्रोलीन असलं तर ए-टू, हिस्टिडीन असलं तर ए-वन. बाकी २०८ जागा जशाच्या तशा. हिस्टिडीनपाशी साखळी पचताना सहज तुटते आणि सात अवशेषांचा एक तुकडा सुटतो. त्या तुकड्यावर मधुमेहापासून हृदयविकारापर्यंत सगळ्याचं खापर फोडलं गेलं. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये उपलब्ध पुरावा तपासला आणि कार्यकारणाचा संबंध सिद्ध होत नाही असं सांगितलं. काही छोट्या चाचण्यांत ए-टू दुधाने काहींचं पोट कमी बिघडलं, हे मी नाकारत नाही. पण पोट कुरकुरणं वेगळं आणि गांधी वेगळ्या.

तुमच्या मुलीला दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर तिच्या शरीराचं वैर त्या एका अवशेषाशी नाही, अख्ख्या प्रथिनाशी आहे. ए-टूमध्येही तेच केसिन. पुढच्या वेळी ओठ सुजून श्वास अडकला तर 'महिनाभर बघू' म्हणायला कुणी थांबणार नाही. आणि ज्यांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज पचत नाही, त्यांनाही हे ऐकवून ठेवते: लॅक्टोज दोन्हींत सारखंच.

म्हशीचं दूधही ए-टूच असतं. पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या घरोघर ते पितात, आणि त्यासाठी कुणी काचेच्या बाटलीचे जादा पैसे मोजलेले नाहीत.

राहिलं ए-टू तूप. यावर मला हसावं की रडावं कळत नाही. ए-टू हे प्रथिनाचं नाव, आणि तूप म्हणजे स्निग्धांश. लोणी कढवताना प्रथिन तळाशी बसतं, तांबूस होतं आणि आपण तूप गाळून घेतो. तुमचा तो लाखमोलाचा ६७वा अवशेष गेला बेरीत, आणि बेरी साखर घालून पोरांनी केव्हाच फस्त केली! २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने असे दावे वेष्टनांवरून काढायला सांगितले आणि आठवड्याच्या आत, अधिक सल्लामसलतीसाठी, तो आदेश मागे घेतला. त्यामुळे शिक्का अजून दुकानात दिसतो. दिसला म्हणून खरा ठरत नाही.

बालरोगतज्ज्ञांची वेळ आजच घ्या. तोवर दूध आणि दुधाचे पदार्थ बंद. तूपही, कारण गाळलं तरी त्यात प्रथिनाचा अंश राहू शकतो. त्याजागी काय द्यायचं तेही त्यांनाच विचारा. श्वासाला त्रास झाला तर थेट रुग्णालय.

द्राक्षं खाण्याच्या सोड्यात बुडवली की 'रेसिड्यू फ्री' होतात का? (सहकारनगर)

फवारलेल्या रसायनाचा सालीवरचा काही अंश जातो, आत मुरलेला जात नाही. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, 'भाजी धुण्याचं खास द्रावण' घेऊ नका. युरोपात ज्या रसायनाची वेगळी मर्यादा ठरवलेली नसते, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागू होते. २०१० मध्ये आपली द्राक्षं तिकडे अडली ती क्लोरमेक्वाटमुळे, आणि ते कीटकनाशक नव्हे, वाढ रोखणारं संजीवक. असे अंश मोजायला यंत्रं लागतात. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्रात ती आहेत, स्वयंपाकघरातल्या सोड्यात नाहीत.

मूळचा नंदुरबारचा, नोकरी हिंजवडीत. माझ्या सिकल सेलच्या एका रिपोर्टवर बदल सहाव्या जागी लिहिलाय, दुसऱ्यावर सातव्या. चुकीचा कुठला? लग्न ठरलंय. होणाऱ्या पत्नीची तपासणी नंतर केली तर चालेल ना, घरचे म्हणतात वाहकाला काही होत नाही.

दोन्ही बरोबर. जनुकाप्रमाणे मोजलं तर पहिला मेथिओनिन असतो, जो नंतर छाटला जातो. तो धरला तर सातवा, सोडला तर सहावा. बदल तोच: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन. हिमोग्लोबिनच्या १४६ अवशेषांच्या बीटा साखळीतला हा एक, पण ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिनच्या काड्या होतात आणि लाल पेशी कोयत्यासारखी वाकते. वर एका अवशेषाच्या दाव्याला मी हसले. या अवशेषाला हसू नका.

'नंतर' म्हणजे कधी? वाहकाला सहसा त्रास होत नाही हे खरं. पण तुम्ही वाहक असाल आणि त्याही निघाल्या, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. त्यांची तपासणी लग्नाआधी व्हावी, आणि फक्त विद्राव्यता चाचणीवर थांबू नका. ती वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगत नाही. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी तपासणी करून घ्या, तुमचीही झाली नसेल तर तुमचीही. मग दोघं मिळून जनुकीय समुपदेशकांकडे जा. लग्न मोडा असं मी म्हणत नाही. पत्रिका छापायला टाकण्याआधी रिपोर्ट हातात असू द्या.