आवाज बसला, त्यात बुरशी कुठून आली?

प्रश्न : वय ४६. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात बोली पुकारतो. दम्यासाठी रोज दोन वेळा स्टिरॉइडची रोटाकॅप (श्वासातून ओढायची पावडरची कॅप्सूल) ओढतो, बाकी तब्येत ठणठणीत. साखर, एचआयव्ही दोन्ही तपासण्या नॉर्मल. पाच आठवडे आवाज बसलाय. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. आता दुर्बिणीत स्वरतंतूंवर पांढरे चट्टे दिसले, डॉक्टर बुरशी म्हणतात. धडधाकट माणसाला बुरशी कशी? कॅन्सर तर नसेल?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. कँडिडा ही बुरशी अनेकांच्या तोंडात एरवीही गप्प पडून असते. रोटाकॅपचं सगळं औषध फुप्फुसात जात नाही; बरंचसं घशात आणि थोडं स्वरतंतूंवर बसतं, तेवढ्या जागेची प्रतिकारशक्ती उतरते. वर बुरशीला आवरणारे जिवाणू अँटिबायोटिकने मारले. शिवार हिरवंगार, पण एका बांधावरची राखण उठली, असं समजा.

म्हणून रोटाकॅप मनाने बंद करू नका, दमा उसळेल. डॉक्टरांना विचारून पंप आणि स्पेसरवर या. औषधाचे मोठे थेंब स्पेसरच्या नळकांड्यात अडकतात, बारीक तेवढे आत जातात. रोटाकॅप ओढायच्या रोटाहेलरला स्पेसर जोडता येत नाही. औषधानंतर चूळ भरून, गुळण्या करून पाणी थुंका, पण ते स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही (पोचलं तर ठसकाच लागेल!). तोंडातल्या बुरशीवरच्या औषधाचे थेंबही त्यामुळेच इथे अपुरे.

गोळीच लागते. फ्लुकोनाझोल सहसा पहिल्या दिवशी २०० मिग्रॅ, पुढे रोज १०० मिग्रॅ, दोन-तीन आठवडे देतात. मेडिकलमधून आणलेल्या १५०च्या एका गोळीने भागत नाही. खरा घोटाळा पुढेच होतो : आवाज जरा मोकळा झाला की गोळी सुटते आणि चट्टे परततात. रक्त पातळ करायची, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल किंवा यकृत-मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगा.

कॅन्सरचं म्हणाल तर चट्टे दिसायला सारखेच असतात, नुसत्या नजरेवर कोणी छातीठोक सांगू नये. कोर्स संपल्यावर पुन्हा दुर्बीण हवीच; चट्टा उरला तर तुकडा काढून तपासायचा. तंबाखू-सिगारेटची सवय असेल तर तुकडा आधीच काढून तपासलेला बरा. श्वासाला घरघर, थुंकीत रक्त, मानेत गाठ यांपैकी काही दिसलं तर कोर्स संपायची वाट पाहू नका.

तोवर बोली पुकारायला दुसऱ्या कुणाला तरी उभं करा.