चिडचिड स्वभावाची की गोळीची?

प्रश्न : माझ्या यजमानांच्या (वय ५२) मेंदूतील गाठीचे ऑपरेशन तीन महिन्यांपूर्वी झाले. फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटॅम आणि सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन चालू आहे. नैराश्यासाठी १० दिवसांपूर्वी एस्सिटालोप्राम सुरू केले. त्यांना रात्रभर झोप नसते, जरा काही बोलले की जेवणाचे ताट ढकलून देतात आणि मग लहान मुलासारखे रडतात. नातेवाईक म्हणतात, गोळ्या बंद करून पाहा. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. लेव्हेटिरासिटॅम अचानक थांबवल्यास फिट येऊ शकते, तर काही आठवडे घेतलेले डेक्सामेथासोन एकदम तोडल्यास मेंदूची सूज पुन्हा वाढू शकते आणि रक्तदाबही धोकादायकरीत्या खाली येऊ शकतो.

मात्र हे गोळ्यांमुळे होत असावे, ही शंका रास्त आहे. लेव्हेटिरासिटॅममुळे काही रुग्णांमध्ये चिडचिड, राग आणि उदासी वाढते. पूर्वी शांत असलेला माणूस ताट ढकलू लागला, तर दोष त्याच्या स्वभावाला देण्याआधी गोळीकडे पाहावे. अर्थात गाठ कपाळामागच्या भागात असेल, तर ती स्वतःही वागणे बदलते. म्हणून एका वहीत प्रत्येक गोळी सुरू केल्याची आणि डोस बदलल्याची तारीख लिहा, शेजारी झोपेचे तास आणि रागाचे प्रसंग नोंदवा. ही वही न्यूरॉलॉजिस्टना दाखवलीत, तर डोस कमी करायचा की लॅकोसामाइडसारखे फिटचे दुसरे औषध द्यायचे, हे ठरवणे त्यांना सोपे जाईल.

झोप उडण्यामागे बहुधा डेक्सामेथासोन असावे. दिवसाचे डोस सकाळी आणि दुपारी २च्या आत देता येतील का, हे विचारा. या गोळीने रक्तातील साखर वाढू शकते, म्हणून तीही तपासून घ्या. एस्सिटालोप्रामने मन सावरायला २ ते ६ आठवडे लागतात, सुरुवातीला बेचैनीही वाढू शकते. त्याने कधीकधी रक्तातील सोडियम घटते, त्यामुळे गुंगी किंवा गोंधळलेपणा दिसल्यास रक्त तपासून घ्यावे. दुसऱ्या कोणी डॉक्टरांनी नैराश्यासाठी बुप्रोपिऑन सुचवल्यास फिटच्या औषधाची माहिती अवश्य द्या, कारण बुप्रोपिऑनने फिटचा धोका वाढतो.

पहाटेची डोकेदुखी, उलटी किंवा वाढती सुस्ती दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठा. ते मरणाची भाषा बोलू लागले, तर त्यांना एकटे सोडू नका, गोळ्यांचा डबा स्वतःकडे ठेवा आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनाशुल्क चालू असतो.